शुगर निघाली? साखरेची पुडी होडीवर ठेवा

हरमल, मोरजी, केरीच्या होडीवाल्यांनो, 2023 च्या आयसीएमआर अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण गोव्यातच सर्वांत जास्त निघालं, मोठ्या माणसांत 26.4 टक्के. तेव्हा लपवू नका, खलाशांना तर नाहीच.

समुद्रात खरी भीती शुगर अचानक उतरण्याची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जाळ्याच्या गडबडीत पेज राहिली, की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलतो. सोबत्यांना वाटतं, दारू चढली! शुद्धीत असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, होडी किनाऱ्याला घ्या. आणि पहाटे किती वाजता निघता, कधी जेवता, हे डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ ते त्यावरून ठरवतील.