वादळापूर्वीची सहा चिन्हे

मानसिक आजाराच्या भरात ज्यांच्या हातून गुन्हा घडला, अशा रुग्णांच्या रुग्णालयात हिंसेचा अंदाज कसा बांधतात? अनेक ठिकाणी त्यासाठी नॉर्वेत तयार झालेली ‘ब्रोसेट’ सूची वापरतात. परिचारिका प्रत्येक पाळीत सहा गोष्टी पाहते : गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंची आदळआपट. प्रत्येकीस 1 गुण. बेरीज शून्य आल्यास पुढील 24 तासांत धोका अल्प. 1-2 आल्यास सावधगिरी. त्याहून अधिक आल्यास तातडीची उपाययोजना.

यातील मर्म असे की, तुलना रुग्णाच्या नेहमीच्या वागण्याशी करायची. जो सदैव गोंधळलेला असतो, त्याचा गोंधळ वाढला तरच गुण द्यायचा.

स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या वाचकहो, आपण गुण मोजू नयेत. ही दृष्टी मात्र घ्यावी. त्यांचे नेहमीचे वागणे टिपून ठेवावे. एकाएकी बदल दिसल्यास त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, वेदना किंवा नवे औषध असू शकते. अशा वेळी वाद घालू नये, थोडे अंतर राखावे, मृदू स्वरात बोलावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. राग हा पुष्कळदा न सांगता आलेल्या दुखण्याचाच आवाज असतो.