तीन काडतुसांची मर्यादा : ब्रिटनमध्ये शॉटगन निवडताना

ब्रिटनमध्ये अर्धस्वयंचलित शॉटगन घेणाऱ्याने किमतीआधी मॅगझिन पाहावे. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ मध्ये तेथील कायदा कडक झाला. साध्या शॉटगन-परवान्यावर ठेवायच्या बंदुकीचे मॅगझिन न निघणारे आणि दोनपेक्षा अधिक काडतुसे न मावणारे असावे लागते. नळीतले एक धरून एकूण तीन. क्षमता याहून अधिक असल्यास वेगळा अग्निशस्त्र-परवाना लागतो आणि त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते.

जुनी बंदूक घेताना खरा धोका येथेच असतो. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी मॅगझिनमध्ये अडसराची खुंटी बसवलेली चालते. ब्रिटनमध्ये तेवढ्याने भागत नाही. क्षमता घटवलेल्या बंदुकीवर तशी अधिकृत खूण आणि सोबत लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे प्रमाणपत्र हवे. ते नसेल, तर स्वस्त सौदा खरेदीदाराला गुन्हेगार ठरवू शकतो.

काडतुसांची संख्या कायद्यानेच ठरल्यावर निवड उरते ती यंत्रणेची. वायूच्या दाबावर चालणारी बंदूक खांद्याला धक्का कमी देते, पण तिची सफाई वारंवार करावी लागते. जडत्वावर चालणारी बंदूक हलकी आणि स्वच्छ राहते. मात्र सौम्य काडतुसांवर ती अडखळू शकते. म्हणून आपण नेहमी वापरणार तीच काडतुसे झाडून पाहावीत आणि मगच पैसे मोजावेत.