विश्लेषण : नव्या नोकरीत पहिले तीन महिने इतके महत्त्वाचे का? परिवीक्षाकाळात नेमके काय पाहिले जाते?

निकाल लागले, मुलाखती झाल्या की जुलै-ऑगस्टमध्ये हिंजवडी, चाकण, ऐरोली, बुटीबोरी अशा ठिकाणी नव्या चेहऱ्यांची गर्दी वाढते. अनेकांसाठी ही घरातील पहिलीच कार्यालयीन नोकरी असते. खोलीचे भाडे, खाणावळ आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता, असे सारे गणित त्या पगारावर बेतलेले असते. मात्र हातात नियुक्तिपत्र आले तरी नोकरी पक्की झालेली नसते. पत्रातील एका ओळीत ‘परिवीक्षाकाळ’ असा शब्द असतो आणि पुढचे बरेच काही त्या काळातील सवयींवर ठरते.

परिवीक्षाकाळ म्हणजे काय?

परिवीक्षाकाळ अर्थात प्रोबेशन म्हणजे कर्मचारी आणि कंपनी या दोघांनी एकमेकांना पारखण्याची मुदत. ती साधारण तीन किंवा सहा महिन्यांची असते. या काळात नोकरी सोडण्यासाठी किंवा काढून टाकण्यासाठी द्यावयाची पूर्वसूचना बहुधा कमी दिवसांची असते. मुदत संपली म्हणजे आपण आपोआप कायम झालो, हा समज मात्र अनेकदा चुकीचा ठरतो. कायम केल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत परिवीक्षा चालू राहील, असे पुष्कळ नियुक्तिपत्रांत नमूद असते. त्यामुळे मुदत, ती वाढविण्याची अट, पूर्वसूचनेचे दिवस आणि बाँड या चार गोष्टी रुजू होण्यापूर्वीच वाचून घ्याव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘पत्र नंतर देऊ’ हे उत्तर म्हणूनच मान्य करू नये.

वरिष्ठ नेमके काय पाहतात?

नवख्याला सगळे येत नाही, हे वरिष्ठांना ठाऊक असते. सांगितलेले काम पुन्हा पुन्हा आठवण न देता होते का, हे त्यांना पाहायचे असते. महाविद्यालयात एखादा प्रश्न सोडला तर आपलेच गुण जातात. कार्यालयात एकाचे काम अडले की दुसऱ्याचे थांबते. लेखा विभागाचे उदाहरण घ्या. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला आधीच्या महिन्यातील विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो. नव्या सहायकाकडून एक बिल नोंदवायचे राहिले, तर ग्राहकाला त्या बिलावरील कराची वजावट वेळेत मिळत नाही आणि त्याचा फोन थेट मालकाला जातो. सहायकाला जीएसटीचा कायदा किती पाठ आहे, हे तेव्हा कोणी विचारत नाही. बिल का राहिले, एवढेच विचारले जाते.

काम समजून घेण्याची योग्य पद्धत कोणती?

‘समजले ना?’ असे विचारले की नवखा ‘हो सर’ म्हणून मोकळा होतो. पुढच्या बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात. विमान वाहतुकीत नियंत्रण कक्षाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाला शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथल्या तिथे सापडते. हीच रीत कार्यालयातही उपयोगी पडते. काम मिळाले की काय करायचे, कधीपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात, या तीन गोष्टी विचारून एका वाक्यात परत सांगाव्यात : ‘मॅडम, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत तिन्ही शाखांची थकबाकी एका एक्सेल तक्त्यात द्यायची, बरोबर?’

दुसरी सवय वहीची. नवी माहिती पुन्हा उजळली नाही तर ती किती झपाट्याने विसरली जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. पहिल्या आठवड्यात तर प्रणाली, पासवर्ड, विभाग आणि नावे यांचा माराच होतो. ते लिहून ठेवून संध्याकाळी दहा मिनिटे चाळले, तर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारण्याची वेळ येत नाही. शंका दर पाच मिनिटांनी विचारण्याऐवजी एकत्र करून विचाराव्यात आणि आपण काय करून पाहिले तेही सांगावे. ‘हे चालत नाही’ यापेक्षा ‘फाइल दोनदा अपलोड केली, दोन्ही वेळा हा संदेश आला’ असे सांगणाऱ्याला मदत लवकर मिळते.

चूक झाल्यास काय करावे?

चूक लपवणे हा नवख्यांचा स्वाभाविक कल असतो, कारण नोकरी जाण्याची भीती असते. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत नोंदल्या गेलेल्या चुका कमी नव्हे, तर जास्त निघाल्या. तिथे चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसताच दोरी ओढण्याचा अधिकार असतो. दोरी ओढली की गटप्रमुख येतो आणि अडचण वेळेत सुटली नाही तर उत्पादनाची साखळी थांबते. सदोष गाडी पुढे जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

प्रत्येक कार्यालय इतके समजूतदार नसते, हे खरे. तरीही सकाळी कळलेली चूक दुरुस्त करता येते, ग्राहकापर्यंत पोहोचलेली येत नाही. सांगताना सबबी टाळून तीन गोष्टी सांगाव्यात : काय झाले, त्याचा परिणाम कुठवर गेला आणि आपण आता काय करत आहोत. उशीर होणार असेल तर तेही मुदत संपण्याआधी कळवावे. मुदत उलटल्यावर तीच माहिती सबब वाटू लागते.

इंग्रजी कच्चे असेल तर?

मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना ज्ञानापेक्षा भाषेचीच धास्ती असते. मात्र कामाच्या ईमेलला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. विषयाच्या ओळीत कामाचे नाव, मजकुरात एकच मुद्दा, छोटी वाक्ये आणि शेवटी कोणी, कधीपर्यंत, काय करायचे एवढे पुरते. आधीच्या चांगल्या ईमेलचे नमुने जमवून ठेवले तर दोनेक महिन्यांत हात बसतो. एआय साधनांची मदत घेता येते, पण ग्राहकांची नावे, दर, पगाराचे तक्ते किंवा कंपनीचा सांकेतिक मजकूर परवानगीविना तिथे टाकू नये. कार्यालयीन व्हॉट्सअॅप गटातील मजकूर बाहेर पाठवणेही तितकेच महागात पडते.

सहकाऱ्यांशी नाते कसे जोडावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. सर्वांनी आपले नाव आणि भूमिका सांगणे, हा त्यातील एक मुद्दा. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्युप्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यश संपूर्ण यादीचे होते. पण नावाने ओळखणाऱ्या माणसाशी बोलणे सोपे जाते, हे त्यामागचे साधे तत्त्व कुठल्याही कार्यालयाला लागू पडते. भांडारपाल, शिपाई, सुरक्षारक्षक, जुने लिपिक यांची नावे पहिल्याच आठवड्यात लक्षात ठेवावीत. कोणती फाइल कुठे अडते, हे त्यांनाच ठाऊक असते. सुधारणा सुचवण्याची घाई मात्र करू नये. आहे ती पद्धत का पडली हे आधी विचारावे, नाहीतर ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ असा शेरा ठरलेलाच.

सगळे निमूटपणे सोसायचे का?

अजिबात नाही. शिस्त आणि शोषण यांत फरक आहे. दरमहा वेतनचिठ्ठी तपासावी. भविष्यनिर्वाह निधी लागू असलेल्या आस्थापनेत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम साधारणतः कर्मचाऱ्याकडून कापली जाते आणि मालकही तेवढाच वाटा देतो. बारा अंकी यूएएन क्रमांकाच्या खात्यात ती रक्कम जमा होते का, हे स्वतः पाहावे. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारा मालक दिसला, तर सावध व्हावे. लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते आणि परिवीक्षाकाळातील महिलेलाही हे संरक्षण आहे.

कायम होण्यासाठी शेवटी काय करावे?

मूल्यमापनाची वाट पाहत बसू नये. मुदतीच्या मध्यावरच वरिष्ठांना विचारावे : ‘माझे कोणते काम ठीक चालले आहे आणि कोणते सुधारायला हवे?’ उत्तर कटू असले तरी सुधारायला वेळ शिल्लक असतो. दर शुक्रवारी आठवड्यात पूर्ण केलेली कामे दोन-तीन ओळींत लिहून ठेवावीत. मूल्यमापनाच्या दिवशी वरिष्ठांना तीन महिन्यांतले सगळे आठवेलच असे नाही, तेव्हा ही नोंद कामी येते. आणि कायम केल्याचे पत्र मिळाले नाही, तर ते नम्रपणे, पण लेखी मागावे.