हिवाळी पाहुणे आणि छायाचित्रकार

उत्तर भारतातील हिवाळ्याची पहाट दाट धुक्याची असते. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, उन्नाव जिल्ह्यातील नवाबगंज येथे एक उथळ तलाव आहे. धुके विरळ होऊ लागले, की प्रथम पक्ष्यांचा कलकलाट कानी येतो आणि मग पाण्यावर तरंगणारी बदके हळूहळू दृष्टीस पडतात. १९८४ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. आज तो शहीद चंद्रशेखर आझाद यांच्या नावाने ओळखला जातो. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत त्याचा समावेश झाला.

दर हिवाळ्यात येथे तलवार बदक, थापट्या, चक्रांग असे अनेक पक्षी येतात. त्यांच्यामागोमाग कॅमेरा घेऊन माणसेही येतात. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि ठाण्याची खाडी येथेही हेच दृश्य दिसते.

हे पक्षी एवढा लांबचा प्रवास का करतात? केवळ थंडी हे त्याचे कारण नव्हे. पिसांच्या आवरणामुळे बदकांना थंडी सोसता येते. परंतु सायबेरिया आणि मध्य आशियातील जलाशय गोठले, की पाण्यातील वनस्पती, बिया व कीटक मिळेनासे होतात. म्हणून अन्नाच्या शोधात ते दक्षिणेकडे येतात. लडाख व तिबेटच्या पठारावर वीण करणारा पट्टकादंब हा हंसवर्गीय पक्षी तर हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात त्याचे उड्डाण ७,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे.

समुद्रपक्षी म्हणून ओळखला जाणारा कुरवही लखनौपासून फार दूर नसतो. हिवाळ्यात प्रयागराज आणि वाराणसी येथे गंगेवर कुरवांचे थवे उतरतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव मुळात समुद्रकाठी जन्मतच नाही. लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवरील सरोवरे हे त्याचे माहेर. हिवाळ्यात त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग नाहीसा होतो आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. त्यामुळे नावावरून पक्षी ओळखू पाहणारा नवखा निरीक्षक हमखास गोंधळतो. अशा वेळी चांगले छायाचित्र उपयोगी पडते. चोच, पंखांची टोके आणि डोळे सावकाश न्याहाळून पक्ष्याची ओळख पक्की करता येते.

पक्ष्यांचे छायाचित्र घेण्यासाठी उत्तम कॅमेरा लागतो हे खरे. पण त्याहून अधिक लागतो तो संयम. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा. म्हणजे पिसांचे रंग उठून दिसतात. उडणारा पक्षी स्पष्ट यावा यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक ठेवतात. कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ असला, तर चित्र अधिक जिवंत वाटते. ऋतूचे भानही आवश्यक आहे. विणीनंतर नर बदकांची झळाळती पिसे गळतात आणि ते मादीसारखे फिकट दिसू लागतात. हिवाळा भरात येतो तेव्हा त्यांना पुन्हा रंगीत पिसारा आलेला असतो.

तथापि या छंदाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. उडत्या थव्याचे चित्र मिळावे म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, दगड भिरकावतात किंवा नाव थेट थव्यात घालतात. पाहणाऱ्याला तो क्षणाचा खेळ वाटतो. पक्ष्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. परतीच्या प्रवासासाठी त्याने दिवसेंदिवस खाऊन शरीरात चरबी साठवलेली असते. तीच त्याची शिदोरी. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात ती खर्च होते आणि चरण्याचा वेळही वाया जातो. गंगेवरील नावांतून कुरवांना शेव टाकून जवळ बोलावण्याची प्रथाही अशीच अविचाराची आहे. तेलकट, खारट पदार्थ हा त्यांचा नैसर्गिक आहार नव्हे.

पक्षी अस्वस्थ झाला आहे हे ओळखणे अवघड नसते. तो चरणे थांबवतो, मान ताठ करतो आणि इतरांसह दूर सरकू लागतो. अशा वेळी छायाचित्रकाराने जागीच थांबावे किंवा मागे फिरावे. अभयारण्यात वनविभागाचे नियम पाळावेत आणि घरट्याच्या जवळ जाऊ नये. शांत बसून राहिल्यास पक्षी अनेकदा आपणहून जवळ येतात.

विवेकाने घेतलेले छायाचित्र विज्ञानाच्याही कामी येते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास केला. पूर्वी तो क्रमांक वाचण्यासाठी बहुधा पक्षी पुन्हा हाती लागावा लागे. आता पायातील कडे किंवा पट्टकादंबाच्या गळ्यातील पट्टा छायाचित्रात स्पष्ट आला, तर पक्ष्याला स्पर्शही न करता तो कोठून आला हे कळू शकते. आशियातील पाणपक्ष्यांची गणना दर वर्षी जानेवारीत होते. तीत सामान्य पक्षिप्रेमीही भाग घेतात आणि शंका असलेल्या पक्ष्याची ओळख छायाचित्रांवरून पटवतात.

फाल्गुन सरत आला, की नवाबगंजचा तलाव हळूहळू रिता होऊ लागतो. जे पक्षी पोटभर चरले, निर्धास्त राहिले, तेच हिमालयापलीकडचा प्रवास बळाने करू शकतात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतात. काठावरच्या माणसाने कॅमेरा आवरल्यानंतरही बदके पूर्ववत चरत असली, तर त्याने पाहुण्यांचा मान राखला असे म्हणता येईल.