दोन इंच आणि साडेतीन अंश

पुलावरचा सांधा ओलांडताना पुढच्या चाकाला हलकासा धक्का बसतो आणि दुसऱ्याच क्षणी स्टेअरिंग हातात राहीनासे होते. पुढचा अख्खा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे थडथडू लागतो, डॅशबोर्ड हादरतो, आरशात काही दिसत नाही. वेग असतो सत्तर-ऐंशीचा. गाडी चाळिसाच्या खाली आली की सगळे एकदम थांबते आणि पुढे ती सरळ धावू लागते. ऑफ-रोडिंग करणारे या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. हे नाव अतिशयोक्त नाही, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला सांगावे लागत नाही.

अशी गाडी अनेकदा नुकतीच ‘लिफ्ट’ केलेली असते. म्हणजे मूळ स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घातलेल्या, किंवा मूळ स्प्रिंगांवर स्पेसर ठेवून बॉडी दीड-दोन इंच वर उचललेली. मालक परत गॅरेजमध्ये जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की चाके बॅलन्स करून घ्या, किंवा स्प्रिंगा नव्या आहेत, थोडे दिवस चालवा, बसतील. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात हे खरे. पण लिफ्टमुळे बदललेले कोन चालवून मूळपदावर येत नाहीत. लिफ्ट इंचांत विकली जाते आणि अंशांत बिघडते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात कोन मोजण्यापासून व्हायला हवी.

उदाहरणासाठी भारतात जून २०२३ पासून विकली जाणारी पाच दारांची जिम्नी घेऊ. पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, त्यावर कॉइल स्प्रिंगा, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे अ‍ॅक्सलमधला डिफरन्शिअलचा गोळा. स्प्रिंगा बदलून गाडी ५० मिलिमीटर उचलली की चेसिस आणि बॉडी वर जाते. अ‍ॅक्सल मात्र चाकांना जखडलेला असल्यामुळे जिथल्या तिथे राहतो. गोळ्याखालचे २१० मिलिमीटर २१०च राहतात! गोळा उचलायचा तर टायरच मोठा हवा. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर ६९३ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याच्या जागी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास साडेदहा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गोळा सव्वापाच मिलिमीटर वर येतो. २३५/७५ घातला तर वीस. मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर चाकाच्या कमानीत घासू नये, आणि चढाच्या तोंडाशी बंपर किंवा माथ्यावर गाडीचे पोट टेकू नये, यासाठी. पावसाने कातरलेल्या सह्याद्रीतल्या वाटांवर ही कारणे अगदी खरी असतात. फक्त दगडावर डिफ आपटतो म्हणून लिफ्ट करणाऱ्याने पैसे भलत्याच गोष्टीसाठी मोजलेले असतात.

आता कोनांकडे येऊ. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्मनी चेसिसला जोडलेला आहे. प्रत्येक आर्म अ‍ॅक्सलला दोन ठिकाणी घट्ट धरलेला, आणि मागच्या टोकाला चेसिसवर एका रबरी बुशमध्ये हलता. चेसिस वर गेली की आर्मचे मागचे टोक तिच्याबरोबर वर जाते. आर्म अ‍ॅक्सलला घट्ट असल्यामुळे अ‍ॅक्सलही तेवढाच स्वतःभोवती फिरतो. आर्मची लांबी ८०० मिलिमीटर धरली तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टला हे फिरणे ३.६ अंश भरते.

साडेतीन अंशांनी काय बिघडते, हे कॅस्टर समजल्याशिवाय कळत नाही. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, आणि हात सोडूनही सायकल सरळ जाते त्यात या कलाचा मोठा वाटा असतो. मोटारीची पुढची चाकेही अशाच कलत्या आसाभोवती वळतात, आणि आसाचा हा कल म्हणजे कॅस्टर. हा आस खाली वाढवत नेला तर टायर जमिनीला टेकतो त्याच्या थोडा पुढे तो जमिनीला भिडतो. या दोन बिंदूंमधले अंतर ही चाकाला सरळ करणारी तरफ. मूळ कॅस्टर ५ अंश आणि चाकाची त्रिज्या ३४६ मिलिमीटर धरली तर ही तरफ ३० मिलिमीटरची होते. लिफ्टने अ‍ॅक्सल फिरून कॅस्टरचे ३.६ अंश गेले की उरते साडेआठ मिलिमीटर. टायरच्या लवचिकपणातून चाकाला थोडी वेगळी मदत मिळते, ती टिकून राहते. पण वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत यायचे थांबते, महामार्गावर गाडी भटकते आणि ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने सरकते. चालक दिवसभर बारीक-बारीक दुरुस्त्या करत राहतो आणि संध्याकाळी खांदे भरून येतात.

वॉबल हा याच्या पुढचा प्रकार, आणि त्याचे मूळ बहुधा ढिलाईत सापडते. पुढचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड त्याला चेसिसशी बांधतो, तो पॅनहार्ड रॉड. त्याचा बुश फाटलेला असेल, किंवा ब्रॅकेटमधले बोल्टचे भोक घासून मोठे झाले असेल, तर अ‍ॅक्सलला आडवे हलायला एखाद-दोन मिलिमीटर मोकळीक मिळते. टायरॉड एंड आणि किंगपिनच्या बेअरिंगमधली ढिलाई त्यात भर घालते. मग एका खड्ड्याचा धक्काही पुरतो. चाक हलते, त्या हलण्याने अ‍ॅक्सल सरकतो, अ‍ॅक्सलच्या सरकण्याने चाक पुन्हा वळते, आणि या चक्राला लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातूनच मिळत राहते. भौतिकशास्त्रात याला स्वयंउत्तेजित कंपन म्हणतात. म्हणून तिथे चाकांचे बॅलन्सिंग एकटे पुरे पडत नाही. असंतुलित चाक ठिणगी पाडू शकते, पण इंधन ढिलाई पुरवते.

ही व्याधी नवी नाही. १९२०च्या दशकात मोटारींना पुढच्या चाकांवर ब्रेक आणि कमी हवेचे फुगीर टायर आले, आणि अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्या अशाच थडथडू लागल्या. फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रुलिए यांनी १९२५ मध्ये टायरच्या बाजूला घसरण्याचा विचार मांडून या थडथडीचे कोडे उलगडायला घेतले. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेले मॉरिस ओली यांनी ते पुढे नेले, आणि १९३४च्या मॉडेलांना जनरल मोटर्सने पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र करणारे सस्पेन्शन दिले. खडकाळ वाटेवर मजबुतीसाठी अखंड अ‍ॅक्सल आजही हवासा वाटतो, त्यामुळे तो जुना प्रश्नही त्याच्याबरोबर येतो. कंपनी तो कोन आणि बुश यांचा बारकाईने मेळ घालून दाबून ठेवते. वाईट लिफ्ट नेमका तोच मेळ मोडते.

वॉबल सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरावे पण त्याच्याशी झटापट करू नये, आणि हळूहळू वेग उतरवत कडेला थांबावे. थांबल्यावर गाडी ठीक वाटते म्हणून तसेच पुढे जाणे धोक्याचे आहे.

अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून जाडजूड स्टेअरिंग डॅम्पर बसवला जातो. मला हा उपाय मनापासून नापसंत आहे. डॅम्पर थडथड शोषतो, त्यामुळे लक्षण काही काळ दबते, आणि आत बुश किंवा भोक झिजतच राहते. डॅम्पर घालायचा तर सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर घालावा.

कंपन कुठून येते हे त्याच्या गतीवरून ओळखता येते, आणि हे काम यंत्राशिवायही जमते. ऐंशीच्या वेगाला जिम्नीचे चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेते. स्टेअरिंगमधली त्या गतीची आणि वेगाबरोबर बदलणारी थरथर टायर किंवा रिमकडे बोट दाखवते. वॉबलची गती मात्र एकदा सुरू झाल्यावर वेगाशी इतकी बांधलेली राहत नाही. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट फिरतो, म्हणजे सेकंदाला ४०. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस कोनात असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा शाफ्टला वेग देतो आणि दोनदा रोखतो. त्यातून सेकंदाला ८०च्या आसपासची घरघर सीटखालून आणि फ्लोअरमधून येते.

या घरघरीचे गणित असे: क्रॉस १० अंशांच्या कोनात असेल तर मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या पलीकडे वेग ९८५ ते १०१५च्या दरम्यान झोके घेतो. कोन २० अंश झाला तर ९४० ते १०६४. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस समान कोनात असले की एकाचे झोके दुसरा पुसून टाकतो. कंपनीने तसेच जुळवलेले असते. लिफ्टने दोन कोन असमान होतात आणि पुसणे अर्धवट राहते.

कसब लागते ते इथे. कॅस्टर परत मिळवायचा तर आर्मचे बुश विषमकेंद्री घालून किंवा आर्मचे चेसिसकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट लावून पुढचा अ‍ॅक्सल उलटा फिरवावा लागतो. पण पुढच्या डिफचा शाफ्टला जोडलेला पिनिअन मागे तोंड करून असतो. अ‍ॅक्सल उलटा फिरवला की पिनिअन खाली जातो आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. एक अंश स्टेअरिंगला दिला की तो शाफ्टकडून घेतलेला असतो. त्यामुळे मूळ सांगाड्यावर साधारण दोन इंचांपुढे गेले की तडजोडी वेगाने महागत जातात. समजूतदार मेकॅनिक अशा वेळी ‘एवढेच पुरे’ म्हणतो.

वाईट बसवणीची मला सर्वांत जास्त खुपणारी चूक एका पान्यात सुटणारी आहे. रबरी बुशमध्ये आतली धातूची नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला घट्ट होते, आणि त्यानंतरची सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. गाडी हायड्रॉलिक लिफ्टवर टांगलेली, अ‍ॅक्सल खाली लटकलेला, आणि तशाच स्थितीत सगळे बोल्ट शेवटपर्यंत आवळले, तर गाडी खाली उतरवताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. पिळलेले रबर स्प्रिंगसारखे वागते, गाडी थोडी जास्त उंच दिसते, खड्ड्यात कडक वाटते, आणि हळूहळू रबर फाटते. बोल्ट आधी सैलसर ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढेमागे ढकलून बसू द्यायची आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाने आवळायचे. यात नवा सुटा भाग लागत नाही.

बाकी तपासण्या भराभर सांगतो, कारण त्या सरळ आहेत. शॉकअप मूळचेच ठेवून स्प्रिंग लांब घातली असेल तर चाक लटकताना शॉकअपच आतून टोकाला आपटतो आणि लवकर मरतो. चाक पूर्ण लटकलेले असताना स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. ज्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला भारसंवेदी ब्रेक व्हॉल्व्ह आहे, तिथे आणखी एक गोची होते. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर वाढले की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो, आणि भरलेली गाडी घाट उतरताना पुढच्याच ब्रेकवर जास्त विसंबते. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवावी लागते. हेडलाइटचा रोखही तपासावा.

२०२० नंतरच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र आहेत, त्यामुळे दुखणे वेगळ्या जागी येते. स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवलेला स्पेसर चाकापाशी स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त उंची देतो, कारण स्प्रिंग आर्मवर चाकाच्या आतल्या बाजूला टेकलेली असते. हे लक्षात न घेता जाड स्पेसर घातला की चाकाला लटकायला उरलेली हालचाल संपते, बॉल जॉइंट टोकाला जातात, आणि ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट घड्यांवर घासून फाटतात. ग्रीस गळले, माती शिरली की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरला तर स्थिर गाडी सैद्धांतिक ४५ अंशांच्या आडव्या कलापर्यंत टिकते. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर वर गेला की ४३.४. कागदावर फरक लहान दिसतो, पण सस्पेन्शन आणि टायर दबल्याने खरी मर्यादा आधीच याहून बरीच खाली असते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा मूळ तपशील मनाला येईल तसा बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आणली. अपघातानंतर विम्याचा दावाही यावरून अडू शकतो.

लिफ्ट झालेलीच गाडी हातात असेल तर आधी चारही चाकांच्या हबपासून कमानीपर्यंतची उंची मोजावी. जमिनीपासून मोजली तर टायरची हवा माप बिघडवते. मग इंजिन सुरू ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून पॅनहार्ड रॉडच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवावी. बोल्ट भोकात हलताना दिसला तर तिथेच थांबून आधी ते नीट करावे. त्यानंतर अलाइनमेंट. तिथे कॅस्टरचा आकडा छापून मागावा, कारण अखंड अ‍ॅक्सलवर मशीनवाला सहसा फक्त टो जुळवू शकतो आणि कॅस्टरचा लाल आकडा तसाच सोडून देतो. तो आकडा योग्य बुश किंवा ब्रॅकेटने कंपनीच्या मर्यादेत येत नसेल, किंवा आला तरी शाफ्ट घरघरत असेल, तर कमी उंचीच्या किंवा मूळ स्प्रिंगा परत घालाव्यात. त्या घालतानाही आर्मचे आणि पॅनहार्ड रॉडचे सगळे बोल्ट आधी सैल करावे लागतात, आणि गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळावे लागतात.