परिस्थितिजन्य पुरावा (खुनाच्या खटल्यातील)

परिस्थितिजन्य पुरावा : वादग्रस्त घटना प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना तिच्याशी संलग्न अशा इतर घटना सिद्ध करून त्यांवरून मूळ घटनेचे अनुमान काढण्यास जो पुरावा उपयोगी पडतो, त्यास परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात. खून बहुधा एकांतात होतो. विषप्रयोग तर साक्षीदारासमोर क्वचितच केला जातो. त्यामुळे खुनाच्या अनेक खटल्यांत सरकार पक्षास याच पुराव्यावर विसंबावे लागते. तो पर्याप्त केव्हा मानावयाचा, या प्रश्नाच्या उत्तरावर एकीकडे आरोपीचे जीवित व दुसरीकडे मृताला मिळावयाचा न्याय अवलंबून असतो.

भारतात पुराव्याचे नियमन १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने केले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. तथापि प्रस्तुत विषयासंबंधीची तत्त्वे बहुतांशी कायम आहेत. एखादी गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही. विश्वसनीय अशा एकाच साक्षीदारावरून दोषसिद्धी होऊ शकते. उलट, अविश्वसनीय साक्षीदार कितीही असले, तरी त्यांची बेरीज पुरावा ठरत नाही. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो आणि वाजवी संशयाला जागा राहिली, तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. हा संशय मात्र तर्कसंगत असावा लागतो. केवळ काल्पनिक शंका पुरेशी नाही. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि तो दोषी ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर पुराव्यानेच भरून काढावे लागते. परंतु संशयाच्या फायद्याचे अवास्तव स्तोम माजविल्यास अपराधी सुटतात व समाजाचा न्यायावरील विश्वास ढळतो, असे न्यायालयाने बजावले.

परिस्थितिजन्य पुराव्याला साखळीची उपमा दिली जाते. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झालेला असावा आणि सर्व दुवे मिळून आरोपीच्या दोषाकडेच निर्देश करणारे असावेत, असा नियम आहे. यामागे मानवी स्वभावाचे एक निरीक्षण आहे. इंग्लंडमधील हॉज खटल्यात (१८३८) न्यायाधीश ऑल्डर्सन यांनी ज्यूरीला सावध केले होते, की सुट्या घटना एकमेकींशी जुळविण्यात मनाला आनंद वाटतो व त्या भरात नसलेला दुवा कल्पनेने घातला जातो. हीच जाणीव भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्यात (१९५२) स्वीकारली. तो खटला बनावट दस्तऐवजाचा होता. परंतु त्यात सांगितलेली कसोटी पुढे खुनाच्या खटल्यांतही प्रमाणभूत ठरली.

पुण्यातील दोन गाजलेल्या खटल्यांच्या तुलनेवरून ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागू होते, हे कळते. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात आरोपी डॉक्टर असून लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेचा तो विश्वासातील वैद्यकीय सल्लागार होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो तिला वैद्यकीय सल्ल्यासाठी रात्रीच्या गाडीने मुंबईस घेऊन गेला. ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाली व काही तासांतच मरण पावली. शवपरीक्षेत वा रासायनिक पृथक्करणात विष आढळले नाही. तथापि आरोपीने रुग्णालयात तिचे खोटे नाव सांगितले. मृत्यूनंतर आप्तांना कळविले नाही. उलट, ती हयात असून तिने दूरदेशी विवाह केला आहे, अशी बनावट पत्रे पाठविली आणि तिची मालमत्ता हस्तगत केली. यांपैकी प्रत्येक गोष्ट सिद्ध झाली होती. सर्व विषे रासायनिक परीक्षेत सापडतातच असे नाही, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषसिद्धी कायम केली (१९५९). न्यायमूर्ती सरकार यांनी भिन्नमत नोंदविले.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात जून १९८२ मध्ये नवविवाहित स्त्रीचा पुण्यात सायनाइडाने मृत्यू झाला होता. येथे विष निःसंशय होते. परंतु ते दुसऱ्याने पाजले की तिने स्वतः घेतले, हा प्रश्न होता. सत्र न्यायालयाने दिलेली पतीची फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली. मृत स्त्रीने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची मानसिक व्यथा प्रकट होत होती. त्यामुळे आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी आरोपीस दोषमुक्त केले. या निकालात न्यायमूर्ती मुर्तझा फजल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ सांगितले : (१) ज्या परिस्थितीवरून अनुमान काढावयाचे ती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी; (२) सिद्ध घटना केवळ आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असाव्यात; (३) त्यांचे स्वरूप निर्णायक असावे; (४) दोषाखेरीज अन्य प्रत्येक संभाव्य उपपत्ती त्यांनी वगळावी; (५) साखळी इतकी पूर्ण असावी, की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. आरोपीचा खोटा बचाव हा पूर्ण साखळीला जोड देऊ शकतो. तुटलेली साखळी तो सांधू शकत नाही, हेही तेथे स्पष्ट झाले. म्हणजे पहिल्या खटल्यात विष न सापडताही साखळी पूर्ण झाली, तर दुसऱ्यात विष सापडूनही ती अपुरी राहिली.

मृतदेह संपूर्ण न मिळाल्यास ही कसोटी विशेष कठीण होते. वसई येथील एका तरुणीच्या हत्येसंबंधीचा खटला याचे अलीकडील उदाहरण होय. ती बेपत्ता झाल्याची तक्रार २०२२ मध्ये वसईत नोंदविण्यात आली. त्यानंतर दिल्लीतील मेहरौलीच्या जंगलात सापडलेल्या अवशेषांची डीएनए परीक्षा करण्यात आली. मे २०२३ मध्ये दिल्लीतील साकेत न्यायालयाने तिच्या साथीदारावर खून व पुरावा नष्ट करणे हे आरोप निश्चित केले. आरोप निश्चित होणे म्हणजे ते सिद्ध होणे नव्हे. सिद्धीची कसोटी त्यापुढे लागते. मृतदेह न सापडल्याने खटला आपोआप निष्फळ होत नाही. परंतु मृत्यू घडला आणि तो मनुष्यवधाने घडला, हे इतर पुराव्याने दाखवावे लागते. डीएनए परीक्षेने अवशेष कोणाचे हे ठरू शकते. मारणारा कोण, हे केवळ त्यावरून ठरत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. त्याच्या निवेदनावरून एखादी वस्तू सापडल्यास तिच्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. म्हणून पंचनामा, वस्तूंची मोहोरबंदी आणि प्रयोगशाळेपर्यंतची नोंद यांतील त्रुटी कित्येकदा संपूर्ण खटल्याला मारक ठरतात.

आरोपीच्या विशेष माहितीतील गोष्टींचा खुलासा त्याने करावा, असेही विधी सांगतो. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००६) या खटल्यात, घराच्या चार भिंतींआड घडलेल्या मृत्यूबाबत घरातील व्यक्तीचे मौन वा असत्य खुलासा हा साखळीचा एक दुवा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तथापि सरकार पक्षाचा मूळ भार त्यामुळे नाहीसा होत नाही. आरोपी व मृत व्यक्ती शेवटी एकत्र दिसल्याचा पुरावाही मधला काळ अल्प असेल, तरच प्रभावी ठरतो. हेतू सिद्ध झाल्यास साखळी बळकट होते. पण केवळ हेतूवरून गुन्हा सिद्ध होत नाही.

दोषमुक्ती म्हणजे प्रत्येक वेळी निर्दोषत्वाची घोषणा असतेच असे नाही. पुष्कळदा ती तपासातील उणिवांवर बोट ठेवते. कितीही प्रबळ संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून मृताला न्याय मिळण्याची शक्यता बहुतांशी घटनास्थळाच्या पहिल्या पंचनाम्यापासूनच्या काळजीपूर्वक तपासावर अवलंबून असते.