आधी बटण, मग उत्तर!

शाळेच्या गॅदरिंगमध्ये प्रश्नमंजूषा असली, की आपली मुलं आठवडाभर आधी सामान्यज्ञानाची पुस्तकं घेऊन बसतात. राजधान्या, नद्या, शोध आणि संशोधक यांची घोकंपट्टी चालते आणि पोळ्या लाटता लाटता आपण ती ऐकतो. पण अमेरिकेतली हायस्कुलं आणि कॉलेजं हाच खेळ गेली सत्तर वर्षं, अगदी कबड्डीच्या ईर्ष्येनं खेळत आली आहेत, हे ठाऊक आहे का तुम्हांला? तिथं त्याला ‘क्विझ बोल’ म्हणतात. कॉलेजच्या फुटबॉलमधल्या मोठ्या सामन्यांना तिकडे ‘बोल’ म्हणायची पद्धत आहे, त्यावरून हे नाव पडलं. त्याची हकिगत गमतीची तर आहेच, शिवाय आपण आयांनी घेण्यासारखंही तीत बरंच काही आहे.

रेडिओवर जन्म

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी प्रश्नोत्तरांचे खेळ होत. त्यावरून डॉन रीड या गृहस्थांना कल्पना सुचली आणि १० ऑक्टोबर १९५३ रोजी एन.बी.सी. रेडिओवर ‘कॉलेज बोल’ सुरू झाला. प्रश्न विचारणारे होते ॲलन लडन. (पुढे अभिनेत्री बेटी व्हाइट यांचे पती झाले, तेच हे!) गंमत म्हणजे दोन्ही संघ आपापल्या कॉलेजातच बसत आणि टेलिफोनच्या तारांनी जोडले जात.

नियम सोपे. दोन्हीकडे चार-चार खेळाडू. पहिला प्रश्न सर्वांसाठी खुला. जो आधी बटण दाबेल त्यानं उत्तर द्यायचं. शेजाऱ्याशी कुजबुज चालायची नाही. उत्तर बरोबर आलं, तर त्याच संघाला जोडप्रश्न मिळतो आणि तिथं मात्र चौघांनी विचारविनिमय करायला हरकत नसते. म्हणजे एकट्याची हिंमत आणि चौघांचा मेळ, दोन्ही हवंच.

खोट्या उत्तरांचा काळ

१९५९च्या जानेवारीत हा कार्यक्रम टेलिव्हिजनवर आला. वेळ मोठी नाजूक होती. ‘ट्वेंटी-वन’ या लोकप्रिय कार्यक्रमात भरघोस बक्षिसं जिंकणारे प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी त्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं, की उत्तरं आपल्याला आधीच सांगितली जात होती. सारा देश हळहळला. अशा दिवसांत ‘कॉलेज बोल’ टिकला, कारण तिथं घबाड नव्हतंच. बक्षिसाची रक्कम कॉलेजच्या शिष्यवृत्त्यांसाठी जाई. लागोपाठ पाच सामने जिंकणारा संघ मानानं निवृत्त होई, म्हणजे नव्यांना जागा मिळे.

मुलींनी जिंकलेला सामना

आता ऐका १९६६ सालची गोष्ट. जॉर्जिया राज्यातलं ॲग्नेस स्कॉट हे मुलींचं छोटंसं कॉलेज. समोर प्रिन्स्टन, नामांकित आणि तेव्हा केवळ मुलांचं विद्यापीठ. निकाल काय लागणार, हे बहुतेकांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं असेल. पण सामना अटीतटीचा झाला, अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत गेला. आणि त्या शेवटच्या सेकंदाला बरोबर उत्तर देऊन ॲग्नेस स्कॉटला जिंकून देणारी मुलगी अंध होती! पुस्तकं दुसऱ्याकडून वाचून घेऊन किंवा बोटांनी चाचपून जिनं विद्या मिळवली, तिनं प्रिन्स्टनला हरवलं. आणखी काय सांगायला हवं?

हायस्कूलच्या मुलांचा असा कार्यक्रम उभा करणारीही एक बाईच, बरं का. सोफी ऑल्टमन यांनी १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये ‘इट्स अकॅडेमिक’ सुरू केला. जगात सर्वांत जास्त काळ चाललेला टेलिव्हिजनवरचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. मॅक मॅगॅरी हे एकच सूत्रधार तिथं जवळजवळ पन्नास वर्षं प्रश्न विचारत होते.

तिकडे इंग्लंडमध्ये ‘कॉलेज बोल’वरूनच १९६२ साली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ निघाला. आपल्याकडे दूरदर्शनवर १९८५ साली सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ आला, तेव्हा घरोघरी कॉलेजच्या मुलांबरोबर आपणही उत्तरं ओरडत होतो, आठवतं ना?

खेळाडूंनीच सूत्रं घेतली

१९७०मध्ये अमेरिकेतला मूळ कार्यक्रम बंद पडला, पण खेळ थांबला नाही. १९७७पासून कॉलेजांच्या आवारात त्याच्या स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. पुढे खेळाडूंचीच कुरकुर सुरू झाली, की प्रश्न फार वरवरचे असतात, नुसता हात चपळ असला की जिंकता येतं. मग १९९०च्या दशकात जुन्या-नव्या खेळाडूंनी आपल्या संस्था काढल्या आणि प्रश्न स्वतः लिहायला घेतले.

त्यांनी रुळवलेली पद्धत फार शहाणपणाची आहे. प्रश्न पिरॅमिडसारखा रचायचा. सुरुवातीला अवघड खूण, मग थोडी सोपी, शेवटी अगदी ओळखीची. ज्याला विषय खोलवर ठाऊक, तो आधीच बटण दाबतो. प्रश्न पुरा होण्याआधीच चुकीचं उत्तर दिलं, तर बऱ्याच स्पर्धांत पाच गुण वजा!

पैसा नसला तरी मोह असतोच. २०१३मध्ये हार्वर्डची आधीच्या वर्षांची राष्ट्रीय विजेतेपदं काढून घेण्यात आली. संघातल्या एका खेळाडूला प्रश्नांची माहिती पाहता येत होती, असं आढळलं होतं. त्या माहितीचा फायदा खरोखर घेतला की नाही, हा वाद बाजूला ठेवून आयोजकांनी निर्णय घेतला. आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

घरच्या घरी करून पाहा

जेवणानंतर अर्धा तास काढा. बटण नको, ताटलीवर चमचा वाजवला तरी चालेल. प्रश्न मात्र असा करा:

‘हिनं आपला प्रबंध हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. हिची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम.डी. झाली. गोपाळरावांची पत्नी असलेली ही डॉक्टर कोण?’

डॉ. आनंदीबाई जोशी! पहिल्याच वाक्याला चमचा वाजला, तर शाबासकी द्या. शेवटच्या वाक्याला वाजला, तर पहिल्या तीन खुणा आता घरात सगळ्यांना कळल्या, हा फायदा आहेच.

एक सांगायचं राहिलं. आजही अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या संघांत मुली कमीच दिसतात. आपल्या घरातसुद्धा पाहा, मुलगा अर्धवट ठाऊक असलं तरी बोलून मोकळा होतो आणि मुलगी ‘नक्की असेल का?’ म्हणत गप्प बसते. तिचं उत्तर मनात तयार असतं, चमचाच वाजत नाही. तेव्हा चुकलं तर पाचच गुण जातात, हे तिला आधी सांगा. आणि एखाद्या रात्री प्रश्न विचारण्याचं काम तिच्या बाबांकडे देऊन तुम्हीही चमचा हातात घ्या.